कोकणात काच-सफाईचा धंदा सुरू करताना: शिडी आणि सामान कसं निवडावं

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याने फिरलात तर घरांचं रूप किती बदललंय ते लगेच दिसतं. लाकडी गजांच्या खिडक्या जाऊन तिथे ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा आल्या. होमस्टेच्या गॅलऱ्यांना काचेचे कठडे लागले. चाकरमान्यांनी गावी बांधलेल्या बंगल्यांत जिन्याच्या भिंतीला उंचच्या उंच काच असते. या काचांवर उन्हाळाभर तांबडी धूळ बसते, समुद्राकडच्या बाजूला मिठाचा थर चढतो आणि पावसाळ्यात चौकटीच्या कडेकडेने शेवाळ धरतं. घरमालकाला हे दिसत असतं, पण वरच्या मजल्याची काच बाहेरून पुसायला माणूस मिळत नाही. म्हणून या कामाला मागणी आहे आणि ती वाढणार आहे.

हा धंदा थोड्या भांडवलात उभा राहतो, हे खरं. पण यातली एक वस्तू चुकीची घेतली तर नुसते पैसे जात नाहीत, माणूस जायबंदी होतो. ती वस्तू म्हणजे शिडी. त्यामुळे या लेखात सर्वांत जास्त जागा शिडीला दिली आहे. बाकीचं सामान चुकलं तर पुढच्या महिन्यात बदलता येतं.

आधी घरं बघा, दुकानात नंतर जा

ज्या भागात काम करणार आहात तिथली आठ-दहा घरं, दोन-तीन होमस्टे आणि बाजारपेठेतली काही दुकानं नीट बघून या. सोबत वही आणि मोजपट्टी ठेवा. प्रत्येक ठिकाणी या गोष्टी टिपायच्या: खिडकीची वरची कड जमिनीपासून किती उंच आहे, ग्रिल आतून आहे की बाहेरून, भिंतीच्या पायथ्याशी जमीन कशी आहे, विजेची तार कुठून येते आणि गाडी कुठपर्यंत जाते.

उंचीचा हिशेब सोपा आहे. चौथरा दोन फूट, तळमजला दहा फूट आणि वरच्या खोलीत खिडकीची वरची कड त्या खोलीच्या लादीपासून सात फुटांवर, असं धरलं तर पहिल्या मजल्याच्या काचेचं वरचं टोक साधारण एकोणीस फुटांवर येतं. पण आपल्याकडे घर उतारावर असतं. पुढून एकमजली दिसणारं घर मागून दोन मजल्यांएवढं खोल असू शकतं. म्हणून उंची चारही बाजूंनी मोजा.

जमिनीची नोंद उंचीइतकीच महत्त्वाची. सारवलेलं खळं, जांभ्याची फरसबंदी, माडाच्या बागेतली भुसभुशीत रेती, सिमेंटचा कोबा या प्रत्येक जागेवर शिडीचा पाय वेगळा वागतो. आणि पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, उतरून जायचं घर असेल तर वीस फुटी शिडी खांद्यावर घेऊन वळणं घेता येतील का, हेही चालून बघा.

या फेरीचा आणखी एक फायदा आहे. यातल्या बऱ्याच काचा शिडीशिवाय साफ होतात, हे तुमच्या लक्षात येईल. सरकत्या खिडकीचं तावदान सहसा वर उचलून खालच्या रुळातून बाहेर काढता येतं. काही खिडक्यांना ते निघू नये म्हणून वर अडथळा बसवलेला असतो. तिथे जोर करू नका, मालकाला विचारा. तावदान जड असतं, ते दोघांनी मिळून काढायचं आणि घरात जमिनीवर गोणपाट किंवा जुनी चादर अंथरून त्यावर उभं ठेवायचं. बाहेरून ग्रिल असलेल्या खिडकीची काच तर बहुतेक वेळा आतूनच करावी लागते, कारण ग्रिलच्या सळ्यांमधून मोठा वायपर जात नाही. सळ्यांमधलं अंतर मोजून ठेवा, वायपर घेताना ते लागेल.

पहिली खरेदी काठीची

शिडीआधी लांब होणारी काठी घ्या. हापूस उतरवणारा माणूस झेला वापरून जमिनीवरूनच टोकाचा आंबा काढतो, तसंच हे काम आहे: हात वर पोचवायचे, पाय जमिनीवर ठेवायचे. दोन-तीन भागांची, ओढून लांब होणारी ॲल्युमिनियमची काठी घरगुती कामाला पुरते. पूर्ण उघडल्यावर बारा-चौदा फूट झाली तर तुमच्या हाताची उंची धरून पहिल्या मजल्याच्या बऱ्याच काचा आवाक्यात येतात. टोकाला वायपर आणि धुण्याचं कापड दोन्ही बसतील अशी, कोन बदलता येणारी जोडणी बघून घ्या. काठी पूर्ण उघडून, टोकाला वायपर लावून दुकानातच भिंतीवर फिरवा. फार वाकत असेल किंवा कुलपाचा भाग घसरत असेल तर ती घेऊ नका.

काठीने काम शिकायला वेळ लागतो. सुरुवातीला कोपऱ्यात पाण्याच्या रेघा राहतात आणि मान दुखते. तरीही आधी हेच शिका. ज्याला काठीचं काम येतं त्याला दिवसातून मोजक्याच वेळा शिडीवर चढावं लागतं.

मोठी हॉटेलं मिळू लागली की पाणी सोडणारी काठी घेण्याचा विचार करता येईल. तिच्या टोकाला ब्रश असतो आणि नळीतून क्षार काढलेलं पाणी येतं. पाण्यात क्षारच नसल्यामुळे काच न पुसता नुसती वाळू दिली तरी डाग पडत नाही. त्यासाठी शुद्धीकरणाचा संच लागतो आणि पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लागतो. पाण्याचा आकडा शून्याच्या आसपास आला तरच याचा उपयोग. पहिल्या वर्षी हा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिडी: कशाची, किती लांब, कोणत्या जातीची

बाजारात मुख्यतः बांबूची, ॲल्युमिनियमची आणि फायबरची, म्हणजे फायबरग्लासची, शिडी मिळते. बांबूची शिडी गावात कुणाकडेही असते आणि मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. धंद्यासाठी ती वापरू नका. पायऱ्यांचे सांधे दोरीने किंवा खिळ्यांनी बांधलेले असतात, आतून बांबू पोखरला आहे का ते बाहेरून कळत नाही, आणि ओला बांबू विजेच्या बाबतीत सुरक्षित नसतो.

ॲल्युमिनियम हलकं, एकट्याला उचलता येणारं आणि गंज न चढणारं. पण समुद्राच्या हवेत त्यालाही बारीक खड्डे पडतात. विशेषतः जिथे लोखंडी बोल्ट किंवा रिव्हेट ॲल्युमिनियमला भिडतो तिथे खाऱ्या ओलाव्यामुळे ॲल्युमिनियम झिजत जातं आणि सांध्याभोवती पांढरी भुकटी दिसू लागते. म्हणून शिडी घेताना रिव्हेट ॲल्युमिनियमचे आणि बोल्ट स्टेनलेसचे आहेत ना, ते विचारा. चुंबक लावून बघितलं तरी साध्या लोखंडाचा बोल्ट लगेच ओळखू येतो.

ॲल्युमिनियमचा मोठा दोष असा की त्यातून वीज वाहते. कोकणात खांबावरून घराला येणारी तार पुष्कळदा कौलांच्या वळचणीला, अगदी खिडकीच्या उंचीवर असते. माडाच्या झावळ्या घासून तिचं आवरण कुठे गेलेलं असतं ते खालून दिसत नाही. यासाठी फायबरची शिडी चांगली. ती जड आणि महाग असते, पण कोरडी आणि स्वच्छ असताना वीज वाहू देत नाही. मिठाचा ओला थर बसलेली फायबरची शिडी मात्र तेवढी भरवशाची राहत नाही. त्यामुळे शिडी कोणतीही असो, उघड्या तारेपासून किमान तीन मीटर अंतर ठेवायचं. हाच नियम ॲल्युमिनियमच्या आणि कार्बन फायबरच्या काठीलाही लागू आहे. कार्बन फायबर नावात फायबर असलं तरी विजेचा वाहक आहे. तार जवळ असेल तर मालकाला महावितरणकडून तेवढ्या वेळापुरता पुरवठा बंद करून घ्यायला सांगा, नाहीतर ती खिडकी सोडून द्या.

आता लांबी. 'वीस फुटी' सरकती शिडी म्हणजे सहसा दहा-दहा फुटांचे दोन भाग. ते दोन्ही पूर्ण ओढून वीस फूट करायचे नसतात. दोन भाग एकमेकांवर किमान तीन फूट राहिले पाहिजेत, म्हणजे हातात सतराच फूट उरले. शिडी तिरकी उभी राहते, त्यामुळे उंची आणखी थोडी कमी होते. वरच्या तीन-चार पायऱ्यांवर पाय ठेवायचा नाही. म्हणजे तुमचे पाय जास्तीत जास्त बारा-तेरा फुटांवर. तिथून हात आणि वायपर धरून एकोणीस फुटांची काच गाठता येते. पहिल्या मजल्यासाठी वीस फुटी शिडी बरोबर का, ते या हिशेबावरून कळेल. सोळा फुटीने मात्र तिथे काम करता येणार नाही, आणि न पोचणारा माणूस शेवटच्या पायरीवर चढतो.

तळमजल्यासाठी सहा फुटी घोडा घ्या, रंगारी वापरतात तसा. त्याच्या सर्वांत वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. चार फुटांवर उभं राहिलं तरी दहा फुटांपर्यंत सहज हात जातो. घरातल्या उंच काचेला आणि दुकानाच्या दर्शनी काचेला हाच घोडा चालतो. बाहेर उतारावर मात्र घोडा लावू नका, त्याचे चारही पाय टेकलेच पाहिजेत.

बिजागऱ्यांवर दुमडणारी, घोडा आणि सरळ शिडी असे दोन्ही प्रकार होणारी शिडी नवख्याला मोहात पाडते. छोट्या टेम्पोत ती मावते, हा तिचा मोठा गुण. पण तिचं वजन जास्त आणि बिजागऱ्यांची कुलपं पुरती बसली आहेत का ते दर वेळी प्रत्येक सांध्यावर बघावं लागतं. गाडीची अडचण असेल तरच घ्या. नळीत नळी जाणारी टेलिस्कोपिक शिडी तर किनाऱ्यावर घेऊच नका. तिच्या कुलपांत बारीक रेती आणि मीठ गेलं की ती अर्धवट अडकतात. पूर्ण न लागलेलं कुलूप बाहेरून लागल्यासारखंच दिसतं.

वजनक्षमता शिडीवरच्या लेबलवर लिहिलेली असते. सत्तर किलोचा माणूस, दहा लिटर पाण्याची बादली म्हणजे दहा किलो, कमरेचं सामान आणि हलवाहलवीचा ताण हे सगळं धरून भरपूर फरक राहील अशी शिडी घ्या. युरोपच्या ईएन १३१ मानकात कमाल भार १५० किलो धरलेला असतो. तसं लेबल असेल तर चांगलं. लेबलच नसलेली शिडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

दुकानात शिडी आडवी ठेवून एका टोकाकडून डोळा लावून बघा, दोन्ही उभ्या दांड्या सरळ रेषेत दिसल्या पाहिजेत. प्रत्येक पायरी हाताने पिळून बघा, ती फिरता कामा नये. पायाचे रबरी बूट जाड, खाचांचे आणि बदलता येण्यासारखे असावेत. आणि तेच बूट सुटे मिळतात का, हे तिथेच विचारून घ्या. कातळावर आणि चिऱ्यावर घासून ते लवकर झिजतात.

शिडीबरोबर लागणाऱ्या छोट्या वस्तू

यातली सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे शिडीच्या वरच्या टोकाला बसणारा रुंद कंस, ज्याला स्टँड-ऑफ म्हणतात. तो खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर टेकतो, त्यामुळे शिडी काचेवर किंवा पन्हळीवर टेकवावी लागत नाही आणि माणूस काचेसमोर नीट उभा राहतो. मंगलोरी कौलांच्या वळचणीला शिडी कधीही टेकवू नका. कौल फुटतं आणि शिडी सरकते. पीव्हीसीची पन्हळही भार घेत नाही.

पायाखाली द्यायला एक जाड, रुंद फळी ठेवा, मऊ मातीत शिडीचे पाय रुतू नयेत म्हणून. दोन्ही पाय एकाच फळीवर आले पाहिजेत. एका पायाखाली चिऱ्याचा तुकडा सरकवून शिडी समपातळीत आणणं सर्रास बघायला मिळतं, आणि तेच सर्वांत धोक्याचं आहे. माती असेल तर उंच बाजूचा पाय थोडा खणून खाली घ्या. कोब्यावर उतार असेल तर पाय खालीवर करता येणारी जोडणी लागते. ती नसेल तर काठीने काम करा.

दोन चांगल्या नायलॉन दोऱ्या, न घसरणारे बूट आणि कमरेला सामान अडकवायचा पट्टा हेही घ्याच. हात रिकामे असले तरच शिडीवर दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम राहतात.

शिडी उभी करताना

चारास एक हे प्रमाण लक्षात ठेवा. शिडी भिंतीला जिथे टेकते ती उंची चार हात असेल तर पाय भिंतीपासून एक हात लांब. बारा फुटांना तीन फूट. त्याहून उभी ठेवलीत तर माणूस मागे पडतो, त्याहून तिरकी ठेवलीत तर पाय घसरतात. पावसाळ्यात अंगणात जे काळसर शेवाळ धरतं ते आधी ताठ ब्रशने घासून काढा, मगच शिडी लावा. ते शक्य नसेल तर त्या दिवशी शिडीचं काम करू नका. खाली एक माणूस शिडी धरून उभा पाहिजे. हा धंदा एकट्याचा नाही, दर सांगताना दोघांची मजुरी धरा.

चढण्याआधी वळचणीखाली नजर टाका. गांधीलमाश्यांचं पोळं किंवा मोहोळ खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातच असतं, आणि बारा फुटांवर माशी चावली की माणूस आपोआप दोन्ही हात सोडतो.

वेळ सकाळची निवडा. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि उंच शिडीला तो चांगलाच हलवतो. सकाळी हवा शांत असते. शिवाय समुद्राकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या काचा सकाळी सावलीत असतात. तापलेल्या काचेवर साबणाचं पाणी पुसण्याआधीच वाळतं आणि डाग धरतं. त्यामुळे सर्वांत जास्त मीठ बसलेली बाजू सकाळी आधी उरकून घ्या.

दुसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या काचा शिडीवरून घेऊ नका. त्या आतून होतील तर करा, नाहीतर नम्रपणे नाही म्हणा. दोरावर लटकून करायचं काम वेगळं आहे. त्याला प्रशिक्षण, आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा पूर्ण अंगाचा पट्टा आणि भक्कम बांधणीची जागा लागते. पट्टा विकत घेतला म्हणून ते काम येत नाही.

काच धुण्याचं सामान

इथे खर्च कमी आहे, पण वायपर चांगलाच घ्या. पितळी किंवा स्टेनलेसच्या पट्टीत एकच पातळ रबर असलेला हलका वायपर एटोरे स्टेकोने या कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या इटालियन माणसाने बनवला. त्याचं पेटंट १९३८ सालचं. आजही काच पुसणारे जगभर त्याच घडणीचा वायपर वापरतात. मोठ्या काचांना चौदा इंची आणि ग्रिलच्या आतून जाईल असा सहा इंची, असे दोन पुरेत. रबर सुटं, पुष्कळ घेऊन ठेवा. कडेला बारीक खाच पडली की काचेवर रेघ उमटते, मग रबर उलटं करा किंवा बदला. लादी पुसायच्या फोमच्या वायपरने काच होत नाही.

धुण्यासाठी टी-आकाराच्या दांडीवर चढवायचं कापड, वायपर आडवा मावेल अशी चौकोनी बादली, मायक्रोफायबरची आठ-दहा फडकी आणि रुळांतली तांबडी माती काढायला बारीक ब्रश. साबण म्हणून भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब पुरतात. जास्त घातलं की फेस राहतो.

किनाऱ्यावरच्या काचेला आधी भरपूर गोडं पाणी मारून रेती आणि मीठ उतरवा, मगच कापड लावा. कोरडी रेती घासली तर काचेवर ओरखडे पडतात आणि ते कायमचे. पाणी कुठलं वापरता ते महत्त्वाचं. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी पुष्कळदा मचूळ असतं. शंका आली की काळ्या टाइलवर चार थेंब टाकून वाळू द्या. पांढरी कडी उमटली तर ते पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नका, वीस लिटरच्या कॅनमधून दुसरं पाणी न्या.

नव्या बांधकामात काचेवर सिमेंटचे आणि रंगाचे शिंतोडे असतात. त्यासाठी ब्लेडची खुरपणी लागते. काच ओली ठेवून, एकाच दिशेने आणि आधी कोपऱ्यात करून बघा. टफन, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेवर ब्लेडने ओरखडे येऊ शकतात, आणि फिल्म लावलेल्या काचेवर ब्लेड लावायचंच नाही. क्षाराच्या पांढऱ्या डागांना व्हिनेगर किंवा लिंबाच्या सत्वाचं पाणी वापरा. लादी साफ करायचं ॲसिड ॲल्युमिनियमच्या चौकटी खातं, त्याला हात लावू नका.

मिठापासून सामान जपणं

काम संपल्यावर शिडी, काठी आणि वायपर रोज गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. काठीचे भाग वेगळे करून आतलं पाणीही काढा. फायबरची शिडी उन्हात पडून राहिली की वरचा थर उडतो आणि धागे वर येतात. मग ती हाताला टोचते आणि कमजोर होते. पडवीत भिंतीला दोन-तीन खुंट्यांवर आडवी टांगा. तडा गेलेली, वाकलेली शिडी वेल्डिंग करून वापरू नका. ती दोन तुकडे करून भंगारात द्या, म्हणजे दुसरं कुणी वर चढणार नाही.

कागदपत्रं आणि दर

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. स्वतःचा आणि मदतनिसाचा अपघात विमा पहिल्या कामाआधी काढा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत बँक खात्यातून वर्षाला वीस रुपये जातात, आणि अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाखांचं संरक्षण मिळतं. एवढ्यावर थांबू नका, उपचाराचा खर्च देणारा विमाही बघा.

दर ठरवताना तळमजला आणि पहिला मजला वेगळे लावा. शिडी लागणाऱ्या खिडक्या, ग्रिलच्या खिडक्या आणि रुळांची सफाई यांचे दर आधीच कागदावर लिहून द्या. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात सगळी गावं एकदम बोलावतात, पण तो नेमका पावसाचा काळ. त्या दिवसांत आतली आणि काठीची कामंच घ्या. बाहेरची, शिडीची कामं पाऊस ओसरून अंगणं सुकल्यावर, दिवाळीच्या पर्यटकांआधी ठेवा. होमस्टेवाल्यांशी मात्र वर्षाचंच ठरवा, महिन्याला एक फेरी. समुद्रासमोरच्या काचेवर मीठ महिनाभर राहिलं तर ते पाण्याने निघतं, वर्षभर राहिलं तर चौकटीला खात जातं, आणि मालकाला हे दाखवून दिलं की महिन्याच्या फेरीला तो तयार होतो.